ट्रॅक्टर समोर आला तेव्हा

बागेतल्या चहाच्या रांगेत म्युरिएलच्या पुढे एक वयस्क जोडपं उभं होतं. उन्हाळाभर राहायची सोय असलेल्या मोटरहोममधून नातेवाइकांकडे आणि बागा बघत हिंडणारं.

"रसेल कुठे राहिला, ग्लेनिस?"

"झुडपातनं गाडी काढतोय, कीथ. येईल."

"सकाळी काय तोरा होता. म्हणे, बाबांना दिसत नाही, आई, तुला रिव्हर्स जमत नाही. विकून टाका ती मोटरहोम."

"आणि वर, माझ्या मागनं ये, मी रस्ता दाखवतो."

"त्या बोळात समोरनं ट्रॅक्टर आला तेव्हा मी सीट धरून बसलो."

"आरशात बघितलं आणि गेले मागे, जागा मिळेपर्यंत. त्यात काय एवढं?"

"ट्रॅक्टरवाल्यानं टोपी काढली तुला."

"रसेललाही काढली असती. पण तो मागे येताना झुडपांच्या कुंपणात घुसला होता ना."

तेवढ्यात केसांत पानं अडकलेला एक माणूस त्यांच्याजवळ आला.

"आई."

"बोल, रसेल."

"पुढच्या बागेला जाताना तू पुढे हो. मी मागनं येतो."

म्युरिएलनं मागे सरकून त्याला रांगेत जागा करून दिली.

"बघ," ग्लेनिस म्युरिएलकडे हात करून त्याला म्हणाली, "यांनाही मागे जायला जमतं."