ताईचं रक्त

१९९८ साली दवाखान्यात माझ्या शेजारी थॅलेसेमिया असलेला एक तरुण बहिणीसोबत रिपोर्टची वाट बघत बसला होता.

"ताई, हिमोग्लोबिन पुन्हा उतरलं असेल तर?"

"तर लहानपणापासून चढवत होतो तसं दर तीन आठवड्यांनी रक्त चढवू."

"म्हणजे तू मला दिलेला बोनमॅरो वाया गेला म्हणायचा."

"माझ्या हाडांतला आहे, कामचुकार नसणार. प्राणवायू वाहील निमूटपणे."

"रक्तगटही तुझाच आला. आता तुझ्यासारखा चिडकाही होईन."

नर्सनं दारातून सांगितलं, "अकरा आहे. सहा महिने बाहेरचं रक्त न घेता."

"ताई, रडतेस कशाला?"

"गप्प बस."

"तुझे उपकार..."

"उपकार म्हणालास तर परत घेईन."

पुढे तो आमच्या भागात पोस्टमन झाला. ताई मागच्या वर्षी गेली. "रक्त तिचंच आहे," असं म्हणतो आणि पुढचा जिना चढतो.