पिंपाचं झाकण

...बरं, झाकणावर ‘उघडू नये’ असं ठळक लिहिलं होतं, मान्य! पण तुम्हाला सांगतो, ज्याच्यावर ‘उघडू नये’ लिहिलंय तेच उघडायचं, हाच तर माझा बत्तीस वर्षांचा धंदा!

आमचे संपादक म्हणाले, “त्या मत्स्यशेतीत माशांना सडकं शेवाळ घालतात म्हणे. पहिलं पान राखून ठेवतो.” निघालो तावातावाने! तिथे पिंपं सांभाळणारी बाई, गुडघ्यापर्यंत बूट, मला म्हणते कशी, “सडवत नाही हो काका, आंबवतो. समुद्रातलं शेवाळ कच्चं घातलं तर माशांना नीट पचत नाही. आंबवून खाद्यात मिसळलं की पचतं. नाहीतर यांच्यासाठी समुद्रातले बारके मासे पकडून दळायचे!”

मासे पोसायला मासेच मारायचे? बत्तीस वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं! पण मी ऐकतोय होय? बाईची पाठ वळली, मी झाकण उघडलं आणि पुरावा काढायला कोपरापर्यंत हात आत घातला. वास? आंबट, स्वच्छ... सडण्याचं नाव नाही!

बाई वळली. ओरडली? छे! ओरडली असती तर मी सवाई ओरडलो असतो, त्यात मी तरबेज आहे. हळूच म्हणाली, “काका, आत हवा गेली, तुमचा हात गेला. आता हे नासलं असेल. तीन आठवडे आंबवलेलं हे शेवटचं पिंप होतं.” तेवढ्यात मालक आले, “घाला तेच! कोण बघतंय? आणि महिनाअखेरपर्यंत माशांचं वजन भरलं नाही, तर हे शेवाळ बंद, जुनं खाद्य चालू!”

आता तुम्हीच सांगा, तिची जन्माची मेहनत पणाला लागलेली, कोणाला कळलंही नसतं... तिने काय करावं? सबंध पिंप खड्ड्यात ओतलं! “ज्याची मला खात्री नाही, ते माझ्या माशांना नाही.” अहो, मंत्री पाहिले, महापौर पाहिले, अशी ताठ मान बत्तीस वर्षांत पाहिली नाही!

मग मात्र माझं डोकं फिरलं. मालकांवर गरजलो, “मुदत वाढवा, नाहीतर छापतो!”

“काय छापता? पिंप कोणी नासवलं ते?”

...छापायला बातमी तीच होती हो!

शेवटी बाईच म्हणाली, “मालक, तीन आठवडे जास्त द्या. हे काका येतील रोज शेवाळ चिरायला.” मालक हसले, कबूल झाले. मला कोणी विचारलं? कोणीही नाही!

आता रोज सकाळी चिरतोय. “काका, बारीक! माशांना दात कमी असतात!” चिरतोय बारीक. घरी बायको म्हणते, “आधी आंघोळ, मग घरात पाऊल!” आणि काल संपादकांचा फोन, “काय हो, सापडला का दोषी?”

म्हटलं, “सापडला, साहेब. रंगेहाथ सापडला. कोपरापर्यंत!”