टेम्पोचे नवे पाटे आणि आमची वजनं

तुम्ही हसाल, पण आमच्या टेम्पोने अख्ख्या घराची अब्रू काढली.

सोनिवलीत आमचा छोटा टेम्पो आहे ना, त्याच्या मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे पार बसले होते. आमच्या ह्यांनी उल्हासनगरहून नवे आणून बसवून घेतले. मिस्त्री म्हणाला, "आता लोड टाकून बघू." माल कुठला असायला? मग आम्ही तिघी जावा, दोन नणंदा, सासूबाई आणि हे, सगळे मागे चढलो. जत्रेला निघाल्यासारखं नुसतं खिदळणं चाललेलं.

मिस्त्रीने एकेकाला वजन विचारलं. मी म्हटलं पंचावन्न. मोठ्या जाऊबाई माझ्या दीडपट, त्या म्हणाल्या बावन्न. हे म्हणाले पासष्ट. मिस्त्रीने बेरीज केली, खाली वाकून पाटे बघितले आणि भडकलाच. "पावणेचारशे किलोला गाडी एवढी बसते? डुप्लिकेट माल आहे!" लगेच फोन स्पीकरवर टाकून दुकानदाराला झापायला लागला.

तिकडून सिंधी शेठ शांतपणे म्हणाला, "भाई, गाडी में भरा क्या है?"

"घर के लोग."

"वजन तौला, या पूछा?"

मिस्त्रीने मान वर करून आमच्याकडे बघितलं. आम्ही बायका पदर सारखे करायला लागलो.

शेवटी सासूबाई म्हणाल्या, "माझे आठ वाढव." मी दहा वाढवले. जाऊबाईंनी तोंड फिरवून वीस सांगितले. तरी गाडी जास्तच बसलेली. मग सगळ्यांनी ह्यांच्याकडे बघितलं.

हे पोट आत ओढून म्हणाले, "नाय रे, पाटे डुप्लिकेटच आहेत."