जमिनीला पाय

...नाही, बोटीला मी नावं ठेवत नाही, बोट चांगलीच होती, तुम्हाला सांगतो, आत सगळीकडे लिफ्ट, दाराला कुठं उंबरठा म्हणून नाही, माझी चाकांची खुर्ची आमच्या घरात फिरत नाही इतकी तिथं फिरत होती, पार न्हाणीघरापर्यंत! पण त्या बोटीवरून माणसानं उतरायचं कसं, हे काही कुणी बांधलेलंच नव्हतं. आणि मी मागत काय होतो? मला फक्त जमिनीला पाय लावायचा होता हो.

म्हणजे, पाय तरी कुठले... डावा पक्षाघाताच्या झटक्यात गेला, उजवा त्याच्या मनात आलं तर ऐकतो. मुलगा म्हणाला, बाबा, बोटीनं जा, बसल्या बसल्या जग बघा. बसल्या बसल्या! झटका आल्यापासून मी दुसरं काय करतोय? पण मी तयार झालो तो जग बघायला नाही. वाटेतल्या तिसऱ्या बंदरात माझी थोरली बहीण राहते. लग्न होऊन गेली ती तिकडचीच झाली. आई गेली तेव्हा तिला येता आलं नाही, मी आजारी पडलो तेव्हाही नाही, आणि आता ऐंशी ओलांडली तिनं. फोनवर म्हणाली, "बाळ्या, मी धक्क्यावर येते. तू नुसता उतर."

नुसता उतर...

पहिल्या बंदरात भरती आली, बोट वर गेली आणि उतरायच्या फळीची झाली घसरगुंडी. पांढऱ्या गणवेशातली अधिकारीण बाई आडवी आली, गोड हसून म्हणाली, काका, तुमच्याच सुरक्षिततेसाठी. दुसऱ्या बंदरात वारा सुटला. पुन्हा तीच बाई, तेच हसू, तीच माझी सुरक्षितता. सगळी बोट रिकामी झाली, आणि आम्ही दोघं कठड्याशी बसून गाव बघतोय, परातीतलं जेवण काचेतून बघावं तसं! आमची ही म्हणाली, अहो, असू द्या, आपल्याला तिसरंच हवंय ना. म्हटलं, हो, तिसऱ्यात मला फक्त जमिनीला पाय लावायचाय.

तिसऱ्या बंदरात बोट धक्क्याला लागलीच नाही! पाणी उथळ म्हणे. लांब समुद्रातच नांगर टाकला, आणि लोकांना लहान लाँचमधून किनाऱ्याला न्यायला लागले. खुर्ची लाँचमध्ये चालणार नाही. माणूस चालेल, पण बोटीतून लाँचमध्ये एक पाऊल त्यानं स्वतःचं स्वतः टाकायला हवं. एक! अहो, मुंजीत टाकलं नसेल इतक्या भक्तीनं मी ते पाऊल टाकायला उभा राहिलो. मागून हिनं धरलं, पुढं खलाशी हात पसरून उभा. मी उजव्याला विनवलं, बाबा रे, आजच्या दिवस ऐक. त्यानं ऐकलं! उचलला... आणि लाँच गेली खाली. पुन्हा वर आली, मी पुन्हा उचलला, ती पुन्हा खाली. मागं रांग खोळंबलेली, लोक घड्याळं बघताहेत. मी त्या बाईला हात जोडले. म्हटलं, पोत्यासारखं टाका मला, पण टाका, माझी बहीण उभी आहे तिकडं. तिचं हसू पहिल्यांदा गेलं. हळू आवाजात म्हणाली, "काका, तुम्ही मधे पडलात तर तुमच्या बहिणीला मी काय सांगू?"

लाँच गेली. खिशात फोन वाजत होता, ताईचाच. माझ्यानं घेववेना. हिनं घेतला, बाजूला जाऊन बोलली. मी खोलीत जाऊन भिंतीकडं तोंड करून बसलो. जमिनीला पाय लावायचा होता, दुसरं काही नाही...

दुपारी ही धावत आली. "अहो, चला, वन्सं आल्यात."

कठड्याशी नेलं मला. खाली बघतो तर एक मासेमारीची होडी, एक कोळी, आणि मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेली ताई. केवढीशी झालेली! मी ओरडलो, ताई, वर ये. तिनं शेजारचा वॉकर उचलून दाखवला. "हे घेऊन कशी येऊ?" तिचेही गुडघे गेलेत, मला बोललीच नव्हती. आणि पाहुण्यांना वर घेत नाहीतच. मग काय, ती खाली, मी वर, मधे बोटीची उभी भिंत आणि इतक्या वर्षांचं सगळं ओरडून! आईचं ओरडून, औषधांचं ओरडून, वर्षानुवर्षं मनात दाबलेलं चारचौघांत ओरडून. बोटीवरच्या तलावातले लोक पोहायचं सोडून कठड्याला आले. ती रडत होती की पाण्याचे तुषार होते, वरून कळेना.

एवढ्यात भोंगा वाजला. कोळ्यानं होडी मागं घेतली. जाता जाता ताई हात हलवून काहीतरी ओरडली, ते भोंग्यात गेलं. हिचे कान चांगले. विचारलं, काय म्हणाली?

ही माझ्या कानाशी वाकली. "म्हणाल्या, तुला जमत नाही ना, मग पुढच्या वर्षी मीच येते तुझ्याकडं. बोटीनं."

मी हात हलवला. हात तेवढे चांगले आहेत अजून माझे.