बाबांनी घेतलेलं माप

चोपड्याला नदीवर पूल नव्हता ना, गाड्याही फेरीबोटीनंच पलीकडे न्यायच्या, तेव्हाची गोष्ट. माझ्या जुन्या स्पोर्ट्स कारला मी रुंद अलॉय चाकं घातली आणि स्प्रिंगा बदलून गाडी दोन बोटं खाली बसवली. बाबा फेरीबोटीवर कामाला. गाडी बघून म्हणाले, "जमीन सारवायला आणलीस काय रे?" मग आठवडाभर अबोला.

रविवारी आईला घेऊन धक्क्यावर गेलो. फेरीत चढताना गाडीचं पोट घासणार, एवढ्यात बाबांनी दोन तासलेल्या फळ्या चाकांपुढे टाकल्या. नेमक्या नव्या चाकांच्या रुंदीच्या! गाडी अलगद चढली.

"बाबा, माप कधी घेतलंत?"

"पहिल्याच दिवशी. तू आत आईकडे माझी कागाळी करत होतास, तेव्हा."