कोड्याला पडलेलं भोक

कोड्यावरून आठवलं, कापूस बुडाला होता त्या सालातली गोष्ट हाय. बाभुळगावच्या स्टँडसमोर बबनभाऊचं हॉटेल होतं. तिथं रोज सकाळी मी अन् सलीमभाई पंक्चरवाला मिळून पेपरातलं शब्दकोडं सोडवत होतो. नद्या, राजधान्या माह्याकडं अन् सिनेमा सारा त्याच्याकडं. सिनेमात कायम हवालदारच होनारा नट विचारा, चहा फुंकता फुंकता नाव सांगे.

एक दिवस पेपर उघडला, तर कोड्याच्या मधोमध चौकोनी भोक! माहं डोकंच फिरलं.

"बबनभाऊ, काहून फाडू देता जी पेपर?"

"फाडला नाही, कापला," ते म्हने. "खेड्यावरची एक बाई आलती. कोड्याच्या मागच्या पानावर तिच्या पोराचा फोटो होता. जीव देला ना त्यानं परवा. घरी एकच फोटो होता, तो पेपरवाल्यानं छापाले नेला अन् वापस देलाच नाही."

सलीमभाईनं पेपरची घडी घातली. मी उगाच विचारलं, "कैची घरून आनलती का तिनं?"

"नाही जी. कैची आता मी गल्ल्यातच ठेवतो. यंदा लागत राह्यते."