पट्टीचे पोहणारे

डॉक्टर : उपाशी होतो म्हणून चक्कर आली, हे तुम्ही तिसऱ्यांदा सांगताय. पडण्याआधी काय करत होतात?

ड्रायव्हर : ड्युटीला उशीर झाला होता. डेपोच्या फाटकापासून बसपर्यंत धावलो, एवढंच. फिट असल्याच्या दाखल्यावर सही करा मॅडम, उद्या मला गाडीवर जायचंय.

आई : धावता धावता दाणकन आपटला हो.

ड्रायव्हर : आई, राईचा पर्वत करू नकोस. बस काढून घेतील माझी.

डॉक्टर : बसभर माणसं असतात तुमच्या मागे. याआधी कधी पडलात?

ड्रायव्हर : नाही.

आई : शाळेत पडला होतास की, शर्यतीत.

ड्रायव्हर : आई.

आई : काय आई? डॉक्टरांपासून कसली लपवाछपवी?

डॉक्टर : वडील आहेत?

ड्रायव्हर : मी लहान असतानाच गेले. अपघातात. त्याचा इथं काय संबंध?

डॉक्टर : कसला अपघात?

आई : तलावात बुडाले.

डॉक्टर : पोहता येत नव्हतं?

आई : त्यांना? पट्टीचे पोहणारे हो. गल्लीतली सगळी पोरं त्यांच्याच हाताखाली शिकली. त्या दिवशी सूर मारला, तो वर आलेच नाहीत. लोक म्हणाले, प्यायले असतील. अहो, थेंबाला कधी शिवले नाहीत. सांगून सांगून थकले, पण कुणी ऐकून घेतलं नाही.

डॉक्टर : मी ऐकतेय, मावशी. काहींना धावल्यावर, पोहताना हृदयाचा ठोका एकदम बिघडतो. माणूस कोसळतो. जमिनीवर असला तर नशिबाने शुद्धीवर येतो. पाण्यात असला तर बुडतो. वडिलांचं तसंच झालं असेल, आणि हे बापाकडून मुलांत येऊ शकतं. तपासण्या झाल्याशिवाय मी सही करणार नाही.

ड्रायव्हर : म्हणजे बाबा प्यायलेले नव्हते?

आई : इतकी वर्षं मी वेगळं काय सांगतेय तुला?

डॉक्टर : मुलंबाळं?

ड्रायव्हर : एक मुलगी आहे. शाळेत जाते.

आई : अगदी आजोबांवर गेलीय. पाणी दिसलं की तिला धीर निघत नाही. आत्ताही पोहण्याच्या क्लासला, तिकडेच तलावावर...

(ड्रायव्हर खुर्चीवरून उठतो.)

डॉक्टर : फोन लावा तिला.

ड्रायव्हर : लावतोय. वाजतोय नुसता. उचल गं... हॅलो? काही नाही बाळा, काही झालं नाही. एवढंच सांग मला, केस कोरडे आहेत ना गं तुझे?